कॅमेऱ्याची बॅग निवडताना काय चुकलं, काय जमलं? अनुभव सांगा

एक बॉडी, तीन लेन्स आणि फ्लॅश एवढं माझं सामान, पण बॅग काही ठरत नाही. दुकानात रिकामी बॅग सगळ्यांनाच हलकी वाटते. ज्यांनी वर्षानुवर्षं बॅग वागवली आहे त्यांनी लिहा. चुकलेलं आधी सांगितलंत तर फार उपयोग होईल.

---

माझं माप चुकलं. पुढे लेन्स वाढतील म्हणून ३० लिटरची पाठपिशवी घेतली आणि जागा आहे म्हणून भरत गेले. ७०-२०० एफ २.८ ही दूरचं टिपणारी एकटी लेन्सच दीड किलोच्या आसपास! कंबरपट्टा म्हणजे नुसती दोन बोटांची पट्टी, त्यामुळे सगळा भार खांद्यांवर. चढणीवर बॅग उतरवायचा इतका कंटाळा यायचा की समोर सुंदर उजेड असूनही मी कॅमेरा काढत नसे. त्याचं आजही वाईट वाटतं. आताच्या बॅगेचा पट्टा रुंद आहे, कमरेच्या हाडावर नीट बसतो. स्वतःचं सामान भरून, निदान पंधरा मिनिटं पाठीवर वागवून मगच बॅग घ्या.

---

समारंभांचं काम असेल तर पाठपिशवी नकोच. लेन्स बदलायला ती खाली ठेवेपर्यंत क्षण निघून जातो. मी खांद्यावरची मऊ कॅनव्हासची बॅग वापरतो. अशा बॅगा जिम डोम्के या वृत्तछायाचित्रकाराने १९७० च्या दशकात स्वतःच्या गरजेपोटी बनवल्या. गादी कमी, पण अंगालगत राहते आणि न बघता हवी ती लेन्स हाताला लागते. एकच खांदा भरून येतो, हे मात्र खरं.

---

पावसाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पाणी कापडापेक्षा चेनमधून आणि शिवणीतून जास्त शिरतं. वरचं रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही. माझी बॅग आतून जेमतेम ओलसर झाली होती, तशीच कपाटात ठेवली. काही आठवड्यांनी लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. बुरशी! साफ करून घेतली, तरी काचेवरच्या लेपावर डाग राहिला. तेव्हापासून बॅग फक्त न्यायला-आणायला. घरी लेन्स हवाबंद डब्यात, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर.

---

विमानप्रवास असेल तर रिकाम्या बॅगेचं वजन आधी बघा. बऱ्याच विमान कंपन्या केबिनमध्ये ७ किलोच नेऊ देतात, त्यातले अडीच बॅगेचेच गेले तर उरलं काय? सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्यांना बॅगेत वेगळा कप्पा हवा.

---

पाठीकडून, म्हणजे पाठीला टेकणाऱ्या बाजूने, उघडणारी बॅग घ्या. चिखलात ठेवली तरी पट्टे कोरडे राहतात आणि गर्दीत मागून कुणाला चेन उघडता येत नाही.

---

मूळ प्रश्न माझाच. शनिवारी तिन्ही लेन्स, फ्लॅश घेऊन दुकानात जाते आणि भरून बघते. पाठीकडून उघडणाऱ्या बॅगेला रुंद कंबरपट्टाही असतो का, तेवढं कुणी सांगाल?