[मंडळ-सदस्य] ३० ऑगस्टची १२ ची आरती: पत्रिका गुरुवारी छापायला जाणार, आजच बोला

मेधा, मंगळवार १२ ऑगस्ट २०२५, रात्री ९:५०
नमस्कार मंडळी,
गणेशोत्सवाचा कार्यक्रम तोच आहे जो जूनच्या मीटिंगमध्ये ठरला. १० ला अथर्वशीर्ष, १२ ला महाआरती, १२:३० पासून महाप्रसाद, ४ ला हॉल रिकामा. आता कालपासून मला फोन येतायत की १२ ची वेळ बदला. कारण विचारलं की सगळे गुळमुळीत. शेवटी एकाने कबूल केलं, फुटबॉल! ओहायो स्टेट कॉलेजचा, अमेरिकन फुटबॉलचा गेम. रविवारी हॉल मिळत नाही, ४ नंतर शाळेचा माणूस थांबत नाही, त्यामुळे जे काही हलवायचं ते या सहा तासांतच. ज्यांना हरकत आहे त्यांनी इथे लिहा, मला फोन करू नका.

अद्वैत, मंगळवार, रात्री १०:१५
मेधाताई, फोन करणारा मी नव्हतो, पण हरकत आहे. हा कुठलातरी गेम नाहीये. काल एपीचा पहिला पोल (पत्रकारांच्या मतांवरची टीमची क्रमवारी) आला, त्यात टेक्सस १ नंबर (सीझन सुरू व्हायच्या आधी १ नंबर त्यांना आजवर कधीच मिळाला नव्हता), आपण ३. गेम आपल्याकडे, कोलंबसच्या हॉर्सशू स्टेडियममध्ये, किकऑफ दुपारी १२, फॉक्सवर. त्याआधी ९ ते १२ टीव्हीवरचा गेमडे शो इथूनच, आणि जिंकणाऱ्या टीमचा मुखवटा घालून भाकीत करणाऱ्या ली कॉर्सोचा तो शेवटचा शो. म्हणजे तुमची आरती सुरू होईल त्याच्या पाच-दहा मिनिटं आधी तो माणूस आयुष्यातला शेवटचा मुखवटा डोक्यावर चढवणार. आमच्यातले ढोलवाले सगळे कॅम्पसजवळ राहतात. हायवे ३१५ आणि लेन अॅव्हेन्यूची त्या दिवशी काय अवस्था असते ते तुम्हाला माहीत आहे. तिकीट असो नसो, १२ ला पोचणं अवघड.

श्रीकांत, बुधवार १३ ऑगस्ट, सकाळी ६:०५
हे सगळं २००५ मध्ये झालेलं आहे. तेव्हाही टेक्सस इथे आलं होतं, १० सप्टेंबरला, शनिवारीच, आणि बुधवारी चतुर्थी होऊन गेली होती. फरक एवढाच की तो गेम रात्रीचा होता, म्हणून मंडळ वाचलं. आपण २५–२२ हरलो. त्यांच्या व्हिन्स यंगने शेवटी शेवटी जो पास टाकला तो मला अजून दिसतो. जुन्या मंडळींना विचारा, तेव्हा मंडप सोडवायला कोण कोण थांबलं होतं आणि कोण कोण "मुलाला ताप आहे" म्हणून गेलं होतं. नावं घेत नाही.

नीलिमा, बुधवार, सकाळी ७:३०
वेळ कुठलीही ठेवा, पण पुऱ्यांचं आत्ताच सांगा. केटरर ११:३० ला ट्रे आणून ठेवणार. १२:३० च्या पलीकडे गेलं की पुऱ्या चामड्यासारख्या होतात, मग सगळे मला बोलतात. मसालेभात आणि बटाट्याची भाजी थांबू शकते. मोदकांचं साइनअप शीट अर्धं रिकामं आहे, ते कुणालाच दिसत नाहीये वाटतं.

रोहन, बुधवार, सकाळी ८:१०
अद्वैत, टेक्सस १ नंबर कशाच्या जोरावर? त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) आर्च मॅनिंग, त्याच्या आडनावाच्या! गेल्या वर्षी त्यांच्या मुख्य क्वार्टरबॅकला, यूअर्सला लागलं तेव्हा दोन गेम सुरुवातीपासून खेळला, संपलं. आजोबा आर्ची, काका पेटन आणि ईलाय, सगळे नामांकित क्वार्टरबॅक, म्हणून टीव्हीवरची मंडळी ऑगस्टमध्येच त्याला हाइजमन (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) देऊन मोकळी. जानेवारीत कॉटन बोलमध्ये, प्लेऑफच्या सेमीफायनलला, आपण यांनाच २८–१४ ने हरवलंय. आपल्या डिफेन्सच्या सॉयरने फंबल (हातातून सुटलेला चेंडू) उचलून ८३ यार्ड नेला तेव्हा हे सगळे पंडित कुठे होते?

अद्वैत, बुधवार, सकाळी ८:२५
तो सॉयर आता नाही. गेल्या वर्षीचा क्वार्टरबॅक विल हॉवर्डही नाही, आणि आपला क्वार्टरबॅक कोण हे अजून कोच डेलाच माहीत नाही. असिस्टंट कोच हार्टलाइन पहिल्यांदाच ऑफेन्स एकट्याच्या जबाबदारीवर बघतोय, डिफेन्सचा कोच नोल्स पेन स्टेटला गेल्यामुळे डिफेन्सला मॅट पॅट्रिशिया नवीन. मी चिंतेत आहे. पास झेलणारा जेरेमाया स्मिथ कितीही चांगला असला तरी त्याच्याकडे चेंडू कुणीतरी फेकावा लागतो.

मंदार, बुधवार, दुपारी १२:४०
क्वार्टरबॅक सायिन. विषय संपला. कॅलिफोर्नियाचा पोरगा, अलाबामाने घेतला होता, तिथला कोच सेबन निवृत्त झाल्यावर इकडे आला. सरावाच्या ज्या बातम्या येतायत त्यात सगळे म्हणतात चेंडू त्याच्या हातातून किती लवकर सुटतो.

श्रीकांत, बुधवार, दुपारी १:२०
मंदार, सरावाच्या बातम्या म्हणजे काय? पत्रकारांना सुरुवातीचा थोडासा भाग बघायला मिळतो, बाकी वुडी हेज सराव-केंद्राची दारं बंद. आणि सरावात क्वार्टरबॅकची जर्सी वेगळ्या रंगाची असते, त्याला कुणी आपटायचं नाही. शिट्टी वाजते, तो हसत परत येतो. अंगावर माणूस येतोय हे माहीत असताना जो उभा राहतो तो क्वार्टरबॅक, आणि हे ऑगस्टमध्ये कुणालाच दिसत नाही. पूर्वी दिवसातून दोनदा सराव व्हायचा, तो २०१७ पासून बंद केला. पोरांच्या तब्येतीसाठी बरोबरच केलं, पण त्यामुळे आता बघायला आणखीच कमी मिळतं. सायिनने गेल्या वर्षी जेमतेम डझनभर पास टाकलेत. दुसरा उमेदवार कीनहोल्झ निदान २०२३ च्या कॉटन बोलमध्ये खरा मार खाऊन आलाय.

मंदार, बुधवार, दुपारी १:३५
काका, त्या गेममध्ये मिझुरीविरुद्ध त्याचे ६ पास पोचले, १७ पैकी. आपण १४–३ हरलो. मार खाणं ही पात्रता असेल तर आमच्या बॅडमिंटनच्या टीमला पण घ्या.

नीलिमा, बुधवार, दुपारी ३:००
पुऱ्या?

पराग, बुधवार, संध्याकाळी ५:४५
अॅन आर्बरमध्ये, म्हणजे मिशिगनला, शिकलेला एक नम्र सभासद म्हणून एवढंच म्हणतो की क्वार्टरबॅक कुणीही घ्या, नोव्हेंबरात मिशिगनविरुद्ध निकाल ठरलेला आहे. चार वर्षं सलग आम्हीच. गेल्या वर्षीचे १३–१० तर तुमच्याच मैदानात. आरतीची वेळ मला कुठलीही चालेल.

रोहन, बुधवार, संध्याकाळी ५:५०
पराग, नॅशनल चॅम्पियन कोण आहे सध्या? जरा आठव.

मेधा, बुधवार, रात्री ९:१५
मी आरतीबद्दल विचारलं होतं. गुरुजींना फोन केला. ते म्हणाले गणपतीची पूजा मध्यान्हीची, म्हणून १२. मला वाटतं विषय इथे संपतो.

विनायक, बुधवार, रात्री ११:३०
विषय इथे सुरू होतो. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले १२ नव्हेत, सूर्य डोक्यावर येतो ती वेळ. आपली घड्याळं ७५ अंश रेखांशावर लावलेली, कोलंबस ८३ वर. अंशाला ४ मिनिटं धरली तर ३२ मिनिटं उशीर. वर उन्हाळ्याचा एक तास पुढे ढकललेला. म्हणजे इथे ३० ऑगस्टला सूर्य माथ्यावर साधारण दीड वाजता. १२ ला किकऑफ झाला की हाफटाइम कधी येतो ते अद्वैतला विचारा.

अद्वैत, बुधवार, रात्री ११:३२
साधारण दीड!!! काका, नमस्कार.

विनायक, बुधवार, रात्री ११:४०
हाफटाइम २० मिनिटांचा. पाच आरत्या आणि मंत्रपुष्पांजली, रेंगाळलं नाही तर बसतं. फक्त दर वर्षी जे कुणी शेवटच्या आरतीला स्वतःचं एक कडवं वाढवतात त्यांनी या वर्षी आवरावं.

सुलभा, गुरुवार १४ ऑगस्ट, सकाळी ६:५०
ते कडवं मी म्हणते आणि ते माझ्या सासूबाईंचं आहे. म्हणणार.

श्रीकांत, गुरुवार, सकाळी ७:१५
चतुर्थी २७ ला, मध्यान्हाचा नियम तेव्हाचा. शनिवारी कधीही आरती केली तरी देव रागावणार नाही. पण विनायकचं गणित बरोबर आहे. माझी सूचना: ११ ला छोटी आरती आणि नैवेद्य, ११:३० ला गरम गरम पान, महाआरती हाफटाइमला. नीलिमाच्या पुऱ्याही सुटल्या. आणि ११:५० ला ज्यांना कॉर्सोला बघायचंय त्यांना बघू द्या. ९० वर्षांचा माणूस आहे. १९९६ मध्ये आपल्या मॅस्कॉटचं, ब्रूटसचं डोकं घालून त्याने हा प्रकार सुरू केला तो इथेच, ओहायो स्टेट–पेन स्टेटच्या गेमला. टीव्हीवरच्या बाकी विद्वानांपेक्षा हा बरा, स्वतःला शहाणा समजत नाही. हर्बस्ट्रीटसारख्या आपल्याच जुन्या क्वार्टरबॅकने दोन शब्द खरे बोलले तर इथल्या लोकांनी त्याला इतका त्रास दिला की तो नॅशव्हिलला राहायला गेला. तेव्हापासून मी पंडितांवर कमी आणि आपल्या फॅन्सवर जास्त चिडतो.

मेधा, गुरुवार, सकाळी ८:००
छोटी आरती ११, प्रसाद ११:३०, महाआरती १:३०. छापायला देतेय. पत्रिकेत "हाफटाइम" हा शब्द येणार नाही. पण बघणार कशावर?

किरण, गुरुवार, सकाळी ८:२०
प्रोजेक्टर माझ्या ताब्यात आहे आणि तो नाट्यविभागासाठी घेतलेला आहे. दिवाळीच्या वेळी जे झालं त्यानंतर मी तो परत कुणाला देणार नाही असं मी तेव्हाच म्हटलं होतं.

रोहन, गुरुवार, सकाळी ८:२२
दिवाळीला वायर आधीच सैल होती.

किरण, गुरुवार, सकाळी ८:२३
नव्हती.

मंदार, सोमवार १८ ऑगस्ट, दुपारी ४:१०
डेने जाहीर केलं. सायिन! श्रीकांतकाका, आहात ना?

श्रीकांत, सोमवार, संध्याकाळी ६:३०
आहे. पोराला शुभेच्छा. कुणी आपटल्यावर तो कसा उठतो ते बघेन, मग बोलू. पहिल्याच गेमला टेक्सस म्हणजे तपासायला फार दिवस थांबावं लागणार नाही.

पराग, सोमवार, संध्याकाळी ६:४५
नोव्हेंबर.

किरण, सोमवार, रात्री ९:३०
प्रोजेक्टर आणतो. अटी: मीच लावणार, मीच काढणार, स्टेजच्या मागच्या वर्गात, आवाज बंद. आरती सुरू झाली की स्क्रीनवर जाहिराती दिसता कामा नयेत. आणि दिवाळीच्या वायरचे पैसे रोहनने द्यावेत.

सुलभा, सोमवार, रात्री ९:५५
आवाज बंद कशाला? आमच्या घरी गेम आणि स्तोत्र नेहमी एकाच वेळी चालतं.

नीलिमा, सोमवार, रात्री १०:१०
पानं ११:३० ला वाढली जातील, ११:५० पर्यंत पहिली पंगत उठली पाहिजे. वाढायला चार जण कमी आहेत, आणि ज्यांनी या धाग्यात सगळ्यात जास्त लिहिलंय त्यांचीच नावं मी शीटवर घातली आहेत. मोदक अजून साठ कमी.