आईच्या फोनला सिक्युरिटी पॅच येतच नाही, काय करू?

प्रश्न:
आईचा फोन दोनच वर्षं जुना, चालतोय मस्त, पण सेटिंगमध्ये पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्तीची, तारीख बघितली तर आठ महिन्यांपूर्वीची! चेक केलं की म्हणतो फोन अप टू डेट आहे. तिची पेन्शन, युपीआय सगळं त्यावरच, जिवाला घोर लागलाय. एवढा उशीर का होतो?

उत्तर १:
ताई, गूगल २०१५ पासून दर महिन्याला अँड्रॉइडमधल्या त्रुटींचं बुलेटिन काढतं, स्टेजफ्राइट नावाची त्रुटी सापडली त्यानंतर, तेव्हा नुसत्या एका एमएमएसने फोन हॅक होऊ शकत होता. पण दुरुस्ती थेट आपल्यापर्यंत येत नाही ना, चिपमधली गडबड असेल तर आधी चिप बनवणारी क्वालकॉम नाहीतर मीडियाटेक दुरुस्ती देणार, मग फोन कंपनी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवणार, टेस्ट करणार, तेही प्रत्येक मॉडेलसाठी वेगळं. स्वस्त मॉडेल रांगेत शेवटी. आणि बुलेटिन आलं की भोक कुठंय ते चोरांनाही कळतं, खरी भीती त्या मधल्या काळाची.

उत्तर २:
गूगल प्ले सिस्टीम अपडेट वेगळं असतं, तेपण बघा. अँड्रॉइड १० पासून काही भाग तिथून थेट दुरुस्त होतात, कंपनीची वाट बघावी लागत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके (ॲप टाकायची फाइल) मात्र आईंना अजिबात उघडू देऊ नका.

प्रश्नकर्ती:
ते पेंडिंगच होतं! आत्ता टाकलं, थँक्यू.

उत्तर ३:
पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ ला ७ वर्षं अपडेट सांगितलेत, स्वस्त फोनला बहुतेक वेळा बरेच कमी, आणि आपल्याकडे आईवडिलांच्या हातात तेच असतात, हे फार चुकीचं आहे. युरोपात जून २०२५ पासून किमान ५ वर्षांचा नियम आलाय, आपल्याकडेही पाहिजेच.