लॅक्टेज काढायला पेशी फोडावी लागते, कायमोसिनला नाही

क्लुइव्हरोमायसिस लॅक्टिस हे दुधात सापडणारं यीस्ट म्हणजे बेकरीच्या यीस्टचाच भाऊ, जीन्सही तेच, असं काहीजण म्हणतात. नात्यातलं आहे हे मान्य, पण बेकरीच्या यीस्टला लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचतच नाही. लॅक्टिसकडे मात्र लॅक-१२ जीनचं प्रोटीन लॅक्टोज पेशीत ओढून आणतं आणि लॅक-४ जीनचं लॅक्टेज हे एन्झाइम आत त्याचे ग्लुकोज-गॅलॅक्टोज असे तुकडे करतं, ही जीन्सची जोडी शेजारी-शेजारीच बसलेली, एकाच स्विचवर चालणारी. हे लॅक्टेज बाहेर येत नाही, त्यामुळे लॅक्टोज-फ्री दुधासाठी ते काढायचं तर पेशी फोडाव्या लागतात. चीजसाठी दूध गोठवणाऱ्या कायमोसिन या एन्झाइमचं मात्र उलटं, वासराचा जीन घातला की यीस्ट ते एन्झाइम स्वतःच बाहेर सोडतं, गाळायला सोपं. कंपन्यांना हे यीस्ट आवडतं ते यामुळेही, नुसत्या दुधाच्या नात्यामुळे नाही.