'हॉल इफेक्ट टाका, आयुष्यभर ड्रिफ्ट नाही': पोरांची दिशाभूल थांबवा

सोल्डरवाला
बाळीवेसच्या मित्रानं परवा इथं गेम कंट्रोलरबद्दल लिहिलं होतं, 'स्टिक ड्रिफ्ट (हात न लावता खेळाडू आपोआप सरकणं) आला की सरळ हॉल इफेक्टची, म्हणजे चुंबकावर चालणारी, स्टिक टाका. कुठल्याही मोबाईलवाल्याकडं अर्ध्या तासाचं काम आहे. परत आयुष्यात ड्रिफ्ट येणार नाही.' खाली सगळ्यांनी लाइकचे अंगठे दिलेत. मी गप्प बसणार होतो, पण आज दुपारी एक पोरगा कॅरीबॅगमध्ये डुअलसेन्स (प्लेस्टेशन फाइव्हचा कंट्रोलर) घेऊन आला. त्यानं हीच पोस्ट वाचून कुठंतरी काम करून घेतलं होतं. उघडून बघितलं तर डाव्या स्टिकच्या एका भोकाभोवतीची तांब्याची कडी उपटून आलेली, तिला जोडलेला ट्रॅक केसासारखा वर उचललेला आणि शेजारचा प्लास्टिकचा सॉकेट हॉट एअरनं वितळून तिरका झालेला. नवीन स्टिक मात्र चकाचक. सहा हजारांच्या आसपासची वस्तू. पोरगा बारावीचा, पैसे आईनं दिलेले.

म्हणून सविस्तर लिहितो.

चुंबकवाल्या स्टिकमध्ये घासणारा सेन्सर नाही, हे शंभर टक्के मान्य. जुन्यात कार्बनच्या पट्टीवर पत्र्याचा ब्रश फिरतो, पट्टी झिजते, काळी भुकटी पडते आणि मधल्या जागेचं रीडिंग नाचायला लागतं. चुंबकवाल्यात एका बाजूला चुंबक, समोर सेन्सर, मध्ये हवा. पण स्टिक म्हणजे नुसता सेन्सर नाही. तिला मध्यावर आणणारी स्प्रिंग तशीच आहे, आतली प्लास्टिकची कमान तशीच आहे, खाली दाबायचं बटण तसंच आहे. स्प्रिंग ढिली पडली की स्टिक मध्यावर येत नाही, आणि सेन्सर कितीही भारी असला तरी तो खरं तेच सांगणार. स्क्रीनवरचा खेळाडू आपोआप चालायला लागणार. आयुष्यभराची हमी कुणी देऊ नये.

आता अर्धा तास. एका मॉड्यूलला, म्हणजे स्टिकच्या अख्ख्या भागाला, 14 पाय. दोन पॉटचे (कार्बनपट्टीवाल्या सेन्सरचे) तीन-तीन, बटणाचे चार, पत्र्याच्या चौकटीचे चार. दोन्ही स्टिक म्हटल्यावर 28. कंपनीचं सोल्डर बिनशिशाचं, ते 217 अंशांच्या पुढं वितळतं. आपलं 63/37 वालं (कथील-शिशाचं) 183 ला. शिवाय चौकटीचे पाय बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेले, तिथलं तांबं सोल्डरच्या इस्त्रीची सगळी उष्णता पिऊन टाकतं. म्हणून आधी प्रत्येक पायावर शिशाचं सोल्डर मिसळायचं, भरपूर फ्लक्स, मग सोल्डर ओढायचा पंप, मग विक (उरलेलं सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी), आणि मॉड्यूल स्वतःहून हललं तरच उचलायचं. ज्यानं ओढलं त्यानं बोर्ड मारला.

आणि बसवल्यावर कॅलिब्रेशन? ते कुणी सांगतच नाही. कंट्रोलरच्या मेमरीत जुन्या स्टिकचा मध्य आणि जुन्या कडा नोंदलेल्या असतात. डुअलसेन्स यूएसबीनं कॉम्प्युटरला लावून क्रोममधून नवीन नोंद करावी लागते. ते न करता दिलेला कंट्रोलर घरी गेल्यावर पहिल्या दिवशीच एका बाजूला ओढतो, आणि पोरगं म्हणतं, 'हॉलमध्ये पण ड्रिफ्ट आला.'

बाळीवेस
पोस्ट माझी होती, तर उत्तरही मीच देतो. माझ्या स्वतःच्या कंट्रोलरला हॉल आहे, रोज रात्री फुटबॉल खेळतो, एकदाही त्रास नाही. तुम्ही दुकानदार लोक घाबरवून ठेवता म्हणून पोरं दरवर्षी नवीन कंट्रोलर घेतात.

दुसरं. सेगानं 1998 ला ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हॉल सेन्सर दिला होता. एक्सबॉक्सच्या ट्रिगरमध्ये आजही चुंबक आणि हॉल सेन्सर आहे. ट्रिगरला जमतं तर स्टिकला का जमत नाही? निन्टेन्डोच्या जॉयकॉनच्या ड्रिफ्टवरून अमेरिकेत 2019 ला खटला झाला, 2020 ला त्यांच्या अध्यक्षांनी माफी मागितली, आणि 2025 च्या स्विच टू मध्ये पुन्हा हॉल नाहीच. सोनीनं 2023 ला डुअलसेन्स एज हा कंट्रोलर काढला, त्यात स्टिकचं मॉड्यूल बाहेर काढून बदलता येतं, पण आत तेच झिजणारं पॉट. ह्या कंपन्यांना वस्तू झिजायलाच हवी आहे. आमच्यासारख्यांनी स्वतःचा इलाज शोधला तर तुम्हाला राग का?

गेमझोन, विजापूर रोड
दोघांचंही वाचलं. माझ्याकडं पोरं तासावर खेळतात. घरचा कंट्रोलर आणि झोनचा कंट्रोलर ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गोल चुकला की पोरगं स्टिक पिरगाळतं. त्या पॉटवाल्या मॉड्यूलचं आयुष्य कंपनीनं 20 लाख फेऱ्या धरलेलं असतं, ते माझ्याकडं बघता बघता संपतं.

मी बरेचसे कंट्रोलर हॉलवर नेलेत आणि मला परवडलंय. ड्रिफ्टची तक्रार खरंच कमी झाली. पण सोल्डरवाल्याचं स्प्रिंगचं म्हणणं बरोबर आहे. आता माझ्याकडं तक्रार येते ती 'स्टिक लूज लागते' ही. आणि कोपऱ्यात ढकलल्यावर काही स्टिक पूर्ण शंभर टक्के रीडिंग देत नाहीत, खेळाडू पळायच्या ऐवजी चालतो. नेहमीची पोरं लगेच ओळखतात आणि तो कंट्रोलर दुसऱ्याच्या हातात सरकवतात.

पीसीवर खेळणाऱ्यांना माझं सांगणं, कारखान्यातूनच हॉल किंवा टीएमआर (हाही चुंबकाचाच सेन्सर) लावून आलेला कंट्रोलर घ्या, सोल्डरच्या नादाला लागूच नका. पीएस फाइव्हवाल्यांना ती सोय नाही. साध्या थर्ड पार्टी कंट्रोलरवर पीएस फाइव्हचे गेम चालत नाहीत, म्हणून ही सगळी उठाठेव.

जॉबरचा पोरगा
हिथं एक गोष्ट कुणीच बोलना झालंय. आमच्याकडं सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागून माग आहेत. कंट्रोलर उघडला की स्टिकच्या बुडाला सुताचे तंतू गुंडाळलेले दिसतात, कार्बनच्या काळ्या भुकटीत मिसळून त्यांची वातीसारखी गुंडाळी झालेली असते. ती चिमट्यानं काढली, आयसोप्रोपिलनं धुतलं, की कितीतरी कंट्रोलर परत सरळ चालतात. लोक आधी स्टिक बदलायला निघतात. अरे आधी उघडून बघा की बे!

आणि पट्टी खरंच झिजली असली तरी अख्खं मॉड्यूल कशाला काढायचं? बाजूचं पॉट क्लिपवर असतंय. टोपण उघडून आतली चकती दुसऱ्या मॉड्यूलमधली घातली की झालं. बोर्डाला इस्त्री लावायचीच गरज नाही. धोटा झिजला म्हणून कुणी माग भंगारात घालतंय का?

खरा राग माझा दुसराच आहे. वॉरंटीत असलेला कंट्रोलर मी दाखवायला गेलो, तर पुण्याला पाठवा म्हणाले. कुरियर माझ्या खर्चानं. परत आला तो 'ग्राहकाकडून नुकसान' असा शेरा मारून. सोलापूर एवढं मोठं शहर, आणि एका सर्व्हिस सेंटरच्या लायकीचं नाही?

पुण्यातला सोलापूरकर
जॉबर, हे वाचून राहवलं नाही. सर्व्हिस सेंटर नाही म्हणून रडताय, पण सोलापुरात हातानं काम करणाऱ्याला तुम्ही काय देता? मी तिथंच आयटीआय केलं, नवी पेठेजवळ टेबल टाकून बसलो होतो. गिऱ्हाईक म्हणायचं, 'पार्टचे पैसे देतो, मजुरी कसली? दहा मिनिटं तर बसलास.' ती दहा मिनिटं शिकायला किती वर्षं गेली, हे कोण बघणार? शेवटी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली आणि पुण्यात आलो. इथं तेच काम करतो, लोक मजुरी विचारतात आणि देतात. हात असलेली पोरं सोलापूर सोडतात त्याला कंपन्या जबाबदार नाहीत, गिऱ्हाईक जबाबदार आहे.

जॉबरचा पोरगा
काय बोललालास बे तू? पुण्याला गेलास म्हणून लगेच सोलापूरला शिकवायला लागलास? माझ्या बापानं सगळं आयुष्य दुसऱ्याचे माग दुरुस्त करण्यात काढलं. रात्री दोनला माग बंद पडला की मालक उठवून न्यायचा. मजुरी किती मिळाली ते तुला सांगायला नको. पण 'हे गाव माझ्या लायकीचं नाही' असं म्हणून तो कधी निघून गेला नाही. सगळेच गेले तर हिथं कोण राहणार?

पुण्यातला सोलापूरकर
तुमच्या वडिलांबद्दल मी एक अक्षर वाकडं बोललो नाही. उलट तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. रात्री दोनला उठणाऱ्या माणसाला योग्य मजुरी मिळाली नाही, हे तुम्हाला अभिमानाचं वाटतं? मला ते संतापजनक वाटतं. माझ्या मुलानं असं राबावं असं मला वाटत नाही.

गेमझोन, विजापूर रोड
दोघंही थांबा. आई-वडिलांवर कुणी जायचं नाही. पण मजुरीचा मुद्दा खरा आहे, मी धंद्यात आहे म्हणून सांगतो. मला स्वस्तात करून देणारे पुष्कळ भेटले. त्यातल्या एकानं माझ्या कंट्रोलरचे पॅड (भोकाभोवतीच्या तांब्याच्या कड्या) उडवले आणि वर म्हणाला, 'बोर्डच खराब होता.' आता मी एकाच माणसाकडं देतो, तो मागेल ती मजुरी देतो आणि कॅलिब्रेशन करूनच परत घेतो. स्वस्त काम मला महाग पडलंय.

होटगी रोड
केंद्र सरकारचं राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल 24 डिसेंबर 2022 पासून आहे. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जॉबरनं तक्रार नोंदवली का? नुसतं इथं चिडून काय होणार?

जॉबरचा पोरगा
पोर्टल आहे, कंपनीला बांधून ठेवणारा कायदा कुठं आहे? स्टिकचे सुटे भाग आणि कॅलिब्रेशनची पद्धत कंपनीनं गिऱ्हाईकाला द्यायची, असं कुठल्या कलमात लिहिलंय ते दाखवा. कॅलिब्रेशनचं जे साधन आपण वापरतो तेसुद्धा बाहेरच्या लोकांनी स्वतः डोकं लावून फुकट बनवलंय. पण ठीक आहे, 1915 ला फोन करतो. त्या शेऱ्याचा कागद माझ्याकडं जपून ठेवलाय.

बाळीवेस
मूळ विषय हॉल इफेक्टचा होता. तुम्ही सगळे मजुरीवर भांडत बसलात आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही. कंपन्या का देत नाहीत?

सोल्डरवाला
देतो उत्तर. पहिलं कारण पैसा, ह्यात तुझं बरोबर आहे. लाखो कंट्रोलर बनवताना मॉड्यूलमागं थोडे पैसे वाचले तरी कंपनीला तो मोठा आकडा असतो. दुसरं कारण वीज. पॉटला नगण्य करंट लागतो, हॉल सेन्सरला त्याहून जास्त. वायरलेस कंट्रोलरमध्ये तो बॅटरीवर पडतो. टीएमआर ह्याच बाबतीत सरस आहे. तो पण चुंबकावरच चालतो, पण करंट कमी खातो आणि बारीक हालचाल जास्त नीट पकडतो. आज कुणी विचारलं तर मी हॉलपेक्षा टीएमआर सुचवतो. तिसरं, चुंबकाच्या सेन्सरला बाहेरचं चुंबक चालत नाही. विश्वास नसेल तर कॅलिब्रेशनचं पान उघड आणि मोबाईल होल्डरचं जोरदार चुंबक स्टिकजवळ ने. स्क्रीनवरचा ठिपका हात न लावता सरकेल.

कंपन्यांना वस्तू झिजायला हवी आहे, हे त्यांच्या मनातलं मला दिसत नाही. पण झिजते हे माहीत असूनही त्यांनी वर्षानुवर्षं तेच मॉड्यूल बसवलं, ह्याचा राग मला तुझ्याइतकाच आहे. रोज तेच उपसत बसतो मी.

आणि मजुरीचं भांडण मूळ विषयाला सोडून नाही. 'अर्ध्या तासाचं काम' लिहिलं की गिऱ्हाईक अर्ध्या तासाचेच पैसे द्यायला येतं. मग अर्ध्या तासात करणारा शोधतं. मग त्या बारावीच्या पोरासारखा बोर्ड घेऊन माझ्या दारात येतं. पुणेकर मित्राचं एवढं मला पटतं. सोलापूर सोडायचं मात्र पटत नाही, मी अशोक चौकातच बसणार.

बाळीवेस
'अर्धा तास' आणि 'कुठलाही मोबाईलवाला' हे दोन शब्द पोस्टमधून काढतो. 'आयुष्यभर' राहू दे. सेन्सर झिजत नाही म्हणजे नाहीच.

सोल्डरवाला
सेन्सर म्हण. स्टिक म्हणू नकोस.

बाळीवेस
बरं, सेन्सर. आता त्या बारावीच्या पोराचं काय केलंत ते सांगा.

सोल्डरवाला
ट्रॅक जिथून तुटलाय तिथपासून बारीक इनॅमल वायर ओढून पायाला जोडली. सॉकेट जुन्या बोर्डावरचा काढून लावला. डावी स्टिक चालू झाली, कॅलिब्रेशनही घेतलं. उजवीत त्याच कारागिरानं बसवलेल्या हॉलचा मध्य जरा सरकलेला आहे, तो नोंदीत सुधारला. पैसे पार्टचेच घेतले, कारण पोरगा आईला काय सांगू म्हणून रडकुंडीला आला होता.

पुण्यातला सोलापूरकर
आणि मजुरी?

सोल्डरवाला
पोराकडून नाही घेणार. ज्यानं हॉट एअर मारली त्याचं दुकान कुठलं ते पोरानं सांगितलंय. उद्या त्याच्याकडं जातो आणि मजुरी त्याच्याकडून मागतो.

जॉबरचा पोरगा
किती वाजता जायचं? मी पण येतो.