डिमेन्शिया : स्मृतिभ्रंश, म्हातारचळ की आणखी काही?

कोथरूडकर_कावेरी : घरी आजारी ज्येष्ठांना सांभाळणाऱ्यांसाठीच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करतेय. इतिहासाच्या भागात अडलेय. १९०१ साली फ्रँकफुर्टला डॉ. अल्झायमर यांच्याकडे ऑगस्ट डेटर ही ५१ वर्षांची बाई आली. सुरुवातीचं ठळक लक्षण विसरणं नव्हतं, नवऱ्यावरचा संशय होता. मग डिमेन्शियाला, म्हणजे मेंदूच्या आजाराने आठवण, विचार, आकलन ढासळत जाण्याला, 'स्मृतिभ्रंश' कसं लिहू?

मुठाकाठ : पेपरांत तोच छापतात, ठेवा. गीतेतही आहे, 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो'.

पेठकर : गीतेतला स्मृतिभ्रंश क्रोधापोटी येतो हो! मेंदूच्या आजाराशी त्याचा काय संबंध? नारायण पेठेत आमची आजी सरळ 'म्हातारचळ लागलाय' म्हणायची. अस्सल शब्द. चळणं म्हणजे जागचं ढळणं.

कोथरूडकर_कावेरी : पेठकर, ५१व्या वर्षी म्हातारचळ? जर्मन मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी १९१० साली आपल्या पाठ्यपुस्तकात डेटरबाईंच्या या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं, ते म्हातारपणाआधी येणारा वेगळा आजार म्हणून. त्यामुळे पुढची कित्येक दशकं पंचाहत्तरीच्या माणसाचं तेच दुखणं 'वयाचं' म्हणून सोडून दिलं गेलं. म्हातारचळ म्हटलं की घरचे आजही डॉक्टरकडे नेत नाहीत. मला याचीच भीती वाटते.

औंधची_सून : जपानमध्ये 'चिहो' म्हणत. त्यात मूर्खपणाचा अर्थ होता, म्हणून २००४ साली सरकारने तो बदलून 'निनचिशो' केला, म्हणजे आकलनाचा विकार. आपणही 'बोधविकार' म्हणावं का?

मुठाकाठ : सरकारी परिभाषा नको. बोधविकार वाचून कुणाला काय कळणार?

पेठकर : आणि 'डिमेन्शिया' कळतो? मराठीत शब्द असताना लॅटिन कशाला?

औंधची_सून : कळतो. सासूबाईंना सांभाळायला येणाऱ्या ताई डिमेन्शियाच म्हणतात. स्मृतिभ्रंश म्हटलं तर विचारतात, "म्हणजे वेड का?" आणि सासूबाईंना नावं आठवतात, पण भाजीला फोडणी कशी द्यायची ते सुचत नाही. तो कसला स्मृतिभ्रंश?

साताराकर : म्हातारचळाबद्दल एक. आमच्याकडे त्याचा अर्थ उतारवयात रंगेलपणा सुचणं. आजाराला कुणी तो शब्द वापरत नाही.

पेठकर : तो अर्थ नंतर चिकटला असणार. मूळ अर्थ बुद्धी चळणं हाच.

साताराकर : नंतर कशावरून? आमचे पणजोबाही याच अर्थाने वापरायचे.

मुठाकाठ : 'वेडेचाळे'मधला चाळा आणि हा चळ एकच का?

पेठकर : दोन्ही 'चल्' धातूचेच.

कोथरूडकर_कावेरी : पत्रक सोमवारी छापायला जातंय. डेटरबाईंच्या परिच्छेदात काय लिहू ते सांगा ना कुणीतरी.

साताराकर : चाळा वेगळा हो. 'चाळे करणं' बघा, त्यात ढळणं कुठे आहे?