अकरावी सायन्स: चारही विषय ठेवावेत की एक सोडावा?

वारणाकाठ (सांगली)
अकरावीचे प्रवेश सुरू झाले की सांगली-मिरजेत घरोघरी हाच विषय: पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी चारही) की ग्रुप (गणित किंवा बायोलॉजी यातलं एकच, म्हणजे पीसीएम किंवा पीसीबी)? माझ्या मते ग्रुप पहिल्या दिवशीच ठरवावा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्रीची १६-१६ प्रकरणं, गणित, बायोलॉजीची १५-१५. म्हणजे ४७ करायची की ६२? सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताच्या ५० प्रश्नांनाही ९० मिनिटंच, पण प्रत्येकी २ गुण. नुसतं समजून भागत नाही, हात बसावा लागतो. चार विषयांत तो कशातच बसत नाही. बायोलॉजीच्या आकृत्या पूर्ण करेपर्यंत गणितातलं इंटिग्रेशन राहून जातं.

अजिंक्यतारा (सातारा)
हिशेब मान्य, निष्कर्ष नाही. गणित सोडलेलं पोरगं गणितात नव्हे, केमिस्ट्रीत मार खातं. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल आहे. ०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच काढायला सांगा. टेबलात २ समोर ३०१० मिळतं, म्हणून लॉग ‘बार ३ पॉइंट ३०१०’. हा बार फक्त ३ च्या डोक्यावर असतो. खरी किंमत वजा ३ अधिक ०.३०१०, म्हणजे वजा २.६९९. पीएच म्हणजे या लॉगचं चिन्ह बदललेली किंमत, तो आला २.७. मुलं बार सगळ्या आकड्यावर आहे असं धरतात आणि ३.३ लिहून मोकळी होतात. सूत्र बरोबर, मांडणी बरोबर, उत्तर चूक! विद्युतघटाचा व्होल्टेज काढायच्या नर्न्स्टच्या समीकरणातही हेच. फिजिक्सच्या ऑसिलेशन्समध्ये (दोलनांत) त्वरण म्हणजे विस्थापनाचं दोनदा केलेलं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर). ज्याला डेरिव्हेटिव्ह माहीत नाही तो ते घोकतो, आणि प्रश्न जरा फिरवून आला की अडतो.

वारणाकाठ (सांगली)
लॉगसाठी दोन वर्षं गणित कशाला? अकरावीच्या सुरुवातीला लॉग, त्रिकोणमिती, सदिश आणि साधं डेरिव्हेटिव्ह एवढंच रोज तासभर घ्या, तीन आठवड्यांत पीसीबीच्या मुलाचं भागतं. आणि ऑसिलेशन्स फिजिक्सचं पाचवं प्रकरण, तर त्याला लागणारी डिफरन्शियल इक्वेशन्स गणिताच्या दुसऱ्या भागात. गणितवाल्यालाही ती फिजिक्सच्या तासालाच पहिल्यांदा भेटतात.

द्राक्षबाग (तासगाव)
इंजिनिअरिंग आणि मेडिकल सोडून बाकीचं बघतच नाही का कुणी? बी. फार्म.ला आणि बी.एस्सी. ॲग्रीला दोन्ही ग्रुप चालतात, तिथे चार विषयांचं ओझं कशाला? उलट ज्याला आयसरला (विज्ञान शिक्षण-संशोधनाची केंद्रीय संस्था) जायचंय त्याने एकही सोडू नये. त्यांच्या परीक्षेत ६० प्रश्न, चारही विषयांचे १५-१५. आणि बायफोकलचा, म्हणजे कॉम्प्युटर सायन्ससारख्या व्यावसायिक विषयाचा, विचार नीट करा. कॉम्प्युटर सायन्सला २०० गुण असतात आणि त्यातले १०० प्रात्यक्षिकाचे, म्हणून टक्केवारी चढते. पण त्या २०० च्या बदल्यात दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय जातो. बहुतेकांची मराठी दहावीलाच संपते, याचं मला फार वाईट वाटतं.

अजिंक्यतारा (सातारा)
वारणाकाठ, तीन आठवड्यांचा तो वर्ग कुठल्या वेळापत्रकात बसतो ते सांगा. अकरावीला प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, मग पोर्शन पळवला जातो, आणि पहिला बळी अशा पायाभूत तासांचा. म्हणून म्हणतो, सोडायचाच तर बायोलॉजी सोडा. बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून देऊन नीटला (मेडिकलची प्रवेश परीक्षा) बसायची सोय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये केली आहे. गणित मात्र एकट्याने पुन्हा धरणं फार अवघड. मेडिकलचं पक्कं असेल तर गोष्ट वेगळी.

वारणाकाठ (सांगली)
हे शेवटचं पटलं, पण अर्धंच. जत किंवा आटपाडीच्या एखाद्या वाडीवरून एसटीने रोज येऊन-जाऊन तीन तास घालवणाऱ्या मुलीला ६२ प्रकरणं घ्या असं मी सांगणार नाही. तिने ग्रुपच घ्यावा. ज्याचं कॉलेज दहा मिनिटांवर आहे आणि दहावीला गणित-विज्ञान दोन्हीत नव्वदीच्या पुढे आहे, त्याने दिवाळीपर्यंत चारही चालवून बघावेत. पहिल्या घटक चाचणीत फिजिक्स घसरलं, तर बायोलॉजीला फक्त बोर्डापुरता वेळ द्यावा.