एलियन: रोम्युलस – पहिल्या अर्ध्या तासातली ती पोरं पुढे कुठे गेली?

रातपाळी:

(कथा उघड होते आहे. पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबावं.)

एलियन ही परग्रहावरच्या जीवघेण्या प्राण्याची इंग्रजी चित्रपटमालिका मला दादाने दाखवली. नाशिकला आमच्या गल्लीतलं मंडळ गणपतीत रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचं. दोन हिंदी पिक्चर संपले की बायका-मुलं घरी जायची आणि पहाटेकडे एखादा इंग्लिश लागायचा. १९९१ च्या गणपतीत असाच 'एलियन्स' लागला, १९८६ चा. इंग्रजीतलं बोलणं कुणाच्याच पल्ले पडत नव्हतं. दादा माझ्या कानाशी येऊन सांगत होता, "ती बाई सांगतेय तिथे काय आहे ते, पण कंपनीवाले ऐकतच नाहीयेत." मी तेरा वर्षांची होते. त्या प्राण्यापेक्षा ते न ऐकणारे लोक माझ्या जास्त लक्षात राहिले.

१९७९ चा पहिला भाग त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पाहिला. त्यातही जहाजावरचे कामगार पार्कर आणि ब्रेट बोनसच्या वाट्यावरून कुरकुरत असतात, आणि कंपनीचा गुप्त हुकूम असा की प्राणी घेऊन या, माणसं गेली तरी चालतील. माझ्यासाठी ही मालिका आधी कंपनीची आहे, मग प्राण्याची.

याच मालिकेतला 'रोम्युलस' आपल्याकडे २३ ऑगस्ट २०२४ ला लागला. त्या रविवारी दादाला घेऊन गेले. गोष्ट २१४२ सालची, म्हणजे पहिल्या दोन भागांच्या मधली. जॅक्सन्स स्टार नावाची खाण-वसाहत, जिथे ऊन म्हणून कधी पडतच नाही. रेन नावाची मुलगी, आईवडील खाणीत आजारी पडून गेलेले. करारातले १२,००० तास भरले म्हणून ती सुटका मागायला कचेरीत जाते. पलीकडून थंडपणे उत्तर येतं की आता कोटा २४,००० तासांचा झालाय, अजून पाचेक वर्षं लागतील, आणि तुमची बदली खाणीत केली आहे.

दादाचा पॉपकॉर्नचा हात तिथेच थांबला. पडद्याकडे बघत तो एवढंच म्हणाला, "दोनशे चाळीस."

दादाने अंबडच्या एका कारखान्यात चार वर्षं कंत्राटावर काम केलं. २४० दिवस सलग भरले की कायम होण्याचा हक्क लागतो, म्हणून सात महिने झाले की 'ब्रेक' द्यायचे. काही दिवस घरी बसायचं, मग नवं कार्ड, नवा नंबर, मोजणी पुन्हा एकपासून. घरातल्या कालनिर्णयवर तो रोज पेन्सिलीने एक रेघ मारायचा. ब्रेक मिळाला की रात्री जेवण झाल्यावर खोडरबर घेऊन सगळ्या रेघा पुसायचा, पानं उलटून मागच्या महिन्यांच्यासुद्धा. आई म्हणायची, कागद फाटेल रे.

तर त्या कचेरीतल्या प्रसंगावर मी हा अख्खा पिक्चर ओवाळून टाकायला तयार होते. रेन आणि तिच्यासोबतची ती पाच-सहा पोरं सोडून दिलेल्या अंतराळ स्थानकावर का जातात? शीतनिद्रेचे कक्ष चोरायला, कारण ऊन असलेला ग्रह नऊ वर्षांच्या अंतरावर आहे आणि कंपनी जाऊ देत नाही. याहून साधं, खरं कारण या मालिकेत आजवर कुणाला मिळालं नव्हतं.

आणि मग स्थानकात शिरल्यावर पिक्चर जुन्या भागांकडे वळून वळून बघायला लागतो. पहिल्या भागातले नट इयन होम २०२० मध्ये गेले, त्यांचा चेहरा घेऊन रूक नावाचा अर्धा तुटलेला यंत्रमानव बोलत बसतो. १९८६ मध्ये रिप्लीने, म्हणजे जुन्या भागांच्या नायिकेने, त्या प्राण्यांच्या राणीला 'तिच्यापासून दूर हो' असं जे सुनावलं होतं ते वाक्य इथे अँडीच्या, रेनच्या यंत्रमानव भावाच्या, तोंडी घातलंय. थिएटरात शिट्ट्या पडल्या. मला एकदम परकं वाटलं. रिप्ली ते वाक्य न्यूट या लहान मुलीला वाचवताना बोलते, ते तिचं स्वतःचं आहे. अँडीने ते कुठून आणलं?

घरी येताना दादा गप्प होता. मला आवडलाही आणि दुखलंही. ज्यांनी जुने भाग मनापासून पाहिलेत त्यांना विचारते: या जुन्या खुणांनी तुमचा आनंद वाढला की मधेच कुणीतरी हात धरून बाजूला नेल्यासारखं झालं?

---

जुना_प्रोजेक्टर:

वाढला. मी १९९२ चा तिसरा भाग आणि १९९७ चा चौथा, दोन्ही पहिल्या आठवड्यात पाहून हिरमुसून घरी आलेला माणूस आहे. नंतरच्या 'प्रोमिथियस' आणि 'कव्हनंट' या भागांमध्ये आपण कुठून आलो, कुणी घडवलं, याचीच चर्चा फार. सात भागांत इतक्या वर्षांनी भीती परत आली, हे माझ्यासाठी पुष्कळ.

ते चेहऱ्याला चिकटणारे फेसहगर शरीराच्या उष्णतेवर माणूस हेरतात, म्हणून खोलीचं तापमान अंगाइतकं वाढवायचं आणि त्यांच्यामधून पाऊल न वाजवता चालत जायचं, हा प्रसंग आठवा. किंवा गुरुत्वाकर्षण बंद करून झाडलेल्या गोळ्या आणि हवेत तरंगणारं आम्ल. त्या प्राण्याच्या रक्ताने जहाजाचा तळ जळतो हे आपण ४५ वर्षं पाहतोय, ते रक्त खाली पडलंच नाही तर काय, हे आधी कुणी विचारलं नव्हतं. दिग्दर्शक फेडे अल्वारेझला यासाठी पैकीच्या पैकी.

शिट्टी वाजवणाऱ्यांत मीही होतो. त्या वाक्याबद्दल तुमचं म्हणणं मात्र पटलं, आता पुन्हा पाहताना खटकणार.

---

साचेकार:

मी मुखवटे आणि कृत्रिम त्वचेचं काम करते, त्यामुळे रूकबद्दल लिहिते.

लोकांना वाटतं तो सगळा संगणकाचा खेळ आहे. तसं नाही. लेगसी इफेक्ट्स या स्टुडिओच्या लोकांनी खरा यांत्रिक पुतळा बनवला होता, सेटवर हलणारा. चेहऱ्याचा अभिनय आणि आवाज डॅनियल बेट्स या नटाचा, वर संगणकाचा थर. होम यांच्या घरच्यांची परवानगी घेतलेली होती. गडबड त्या वरच्या थरात झाली. जबडा बोलतो आणि गाल मागे राहतात. माणूस 'प' म्हणतो तेव्हा ओठांबरोबर गालही किंचित हलतो, आरशात बघा. ते नसलं की डोळ्याला लगेच कळतं, का ते सांगता आलं नाही तरी. घरी पाहण्यासाठी आलेल्या आवृत्तीत त्यांनी हे सुधारलं, संगणक कमी करून पुतळा जास्त दिसू दिला. फरक जाणवतो.

पण परवानगी असली तरी मला ते नको होतं. १९७९ मध्ये अॅश हा यंत्रमानव होम यांनी स्वतः उभा केला. नजर कधी रोखायची, जागच्या जागी हलकेच धावून अंग कसं मोकळं करायचं, हे त्यांचं होतं. रूकमध्ये फक्त साचा आहे. नवीन नटाला नवीन यंत्रमानव करू द्यायला हवा होता, आणि तो किती चांगला करता येतो हे याच पिक्चरमध्ये डेव्हिड जॉन्सनने अँडी करून दाखवलंय.

---

पाणवठा:

रातपाळी, तुमचा धागा दोनदा वाचला. पेन्सिलीच्या रेघांपाशी थांबलो.

फक्त एका ठिकाणी अडतो. कंपनीची गोष्ट स्थानकात शिरल्यावर सुटते असं तुम्ही म्हणता. मला वाटतं ती तिथे अँडीच्या डोक्यात जाते. रेनच्या वडिलांनी कचऱ्यातून उचलून त्याला दुरुस्त केलं आणि एकच काम दिलं, रेनचं भलं बघ. पडेल विनोद सांगणारा, अडखळत बोलणारा भाऊ. मग दारं उघडण्यासाठी त्याला रूकची चिप बसवतात. अडखळणं जातं, पाठ ताठ होते, आणि काम बदलतं, कंपनीचं भलं बघ. पुढच्या काही मिनिटांत त्या पोरांतली गरोदर मुलगी, के, काचेपलीकडे दार बडवत असते आणि तो दार उघडत नाही. हिशेबाने त्याचं चुकलेलंही नसतं, प्राणी तिच्या मागेच असतो. त्या पोरांतल्या बियॉनच्या आईला खाणीत एका यंत्रमानवाने असाच हिशेब करून मरू दिलेलं, म्हणून बियॉन अँडीचा दुस्वास करतो.

आणि स्थानकातलं ते काळं द्रव्य? रूक सांगतो की माणूस अंतराळातल्या कष्टांना पुरा पडत नाही, म्हणून त्याला सुधारायचंय. कोटा वाढवून भागलं नाही तर कामगारच बदलायचा. ते द्रव्य टोचून घेतलेल्या केच्या पोटी शेवटी जे जन्मतं (रॉबर्ट बोब्रोत्स्की हा सात फुटांहून बराच उंच माजी बास्केटबॉलपटू त्यात आहे) ते त्याच कचेरीतल्या उत्तराचं टोक आहे.

उसन्या वाक्याचा बचाव मी करणार नाही. ते काढलं असतं तर काहीच बिघडलं नसतं.

---

रातपाळी:

साचेकार, तुमचं वाचून आरशासमोर 'प' म्हणून पाहिलं. खरंच हलतो गाल.

पाणवठा, अँडीचं मी इतक्या बारकाईने पाहिलं नव्हतं, रूकच्या चेहऱ्यावर चिडण्यातच माझं अर्धं लक्ष गेलं. तुमचा प्रतिसाद काल रात्री दादाला फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, चिपचं बरोबर आहे. कारखान्यात त्यांच्यातलाच एक जण, रोज शेजारी बसून जेवणारा, सुपरवायझर झाला. कामाबद्दल तो कुणाला काही वावगं बोलला नाही. पण पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन आला, यांच्याकडे बघितलं आणि तसाच आत केबिनमध्ये गेला. पुढच्या ब्रेकची यादी त्यानेच वाचली.

हे दादाने आधी कधी सांगितलं नव्हतं. येत्या रविवारी तो घरी येतोय, अँडीचे प्रसंग पुन्हा बघायचे आहेत म्हणाला. रूक आला की मी चहा टाकायला उठेन.